गारूनं खाल्लेले बांगडे गेले कुठं?

“तुझी मांजर चोर आहे, आणि तू चोराची वकील,” हौसाकाकी म्हणाली आणि तिनं पाटी उल्काच्या पायाशी आपटली.

पाटीत सकाळी सात बांगडे होते. आता चार उरले होते, आणि तीन मुंडकी. अडुळे बंदराच्या बर्फ फॅक्टरीच्या दारात हे भांडण पेटलं होतं. जिच्यावरनं पेटलं होतं ती गारगोटी, लाडानं गारू, आत बर्फाच्या लादीवर टाकलेल्या गोणपाटावर बसून मिशा चाटत होती. तिच्या मिशीला एक खवला चिकटलेला होता आणि तो उन्हात चकाकत होता.

उल्का तेरा वर्षांची. तिचं डोकं तापायला काडी लागत नसे. ती काकीला म्हणाली, बंदरावर पन्नास मांजरं आहेत, खवला काय कुणाच्याही मिशीला लागतो. काकी म्हणाली, पन्नास मांजरांतलं एकच मांजर ढेकर देतंय. जमलेल्या बायका हसल्या. उल्काचे कान लाल झाले.

“ढेकर-बिकर काही नाही, काट्यावर ठेव तिला,” काकी म्हणाली. “किती गिळलंय ते दिसूदे सगळ्यांना.”

आता अडुळ्याची एक रीत सांगायला हवी. इथल्या बोटी हल्ली बॅटरीवर चालतात, लिलाव फोनवर होतो, समुद्रात मासळीचा थवा कुठं आहे ते वरनं ड्रोन सांगतं. पण फॅक्टरीच्या दारातल्या जुन्या लोखंडी काट्याची जी इज्जत आहे ती कशालाच नाही. भांडण झालं की माल काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा आणि गप्प बसायचं. त्यामुळे काकीनं काट्याचं नाव काढल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. उल्कानं गारूला उचललं, तिच्या चार शिव्या खाल्ल्या आणि काट्यावर ठेवलं.

आकडा आला दोन किलो नऊशे.

कुणीतरी भिंतीवरचं रजिस्टर काढलं. गारू ही नुसती पाळीव मांजर नव्हती बरं का. ती सोसायटीच्या नोकरीत होती. चौदा वर्षांपूर्वी उंदरांनी फॅक्टरीच्या वायरी कुरतडल्या आणि एका खलाशाला शॉक बसला, तेव्हा तिला रीतसर कामावर घेतलं होतं. नाव गारगोटी, काम उंदीर. दर नारळी पौर्णिमेला तिला काट्यावर ठेवायचं आणि आकडा नावासमोर लिहायचा, हे ठरलेलं. शेवटचा आकडा पाच महिन्यांपूर्वीचा होता. चार किलो सहाशे.

सगळ्यांनी वाकून आकडा परत वाचला. पोटात तीन बांगडे घालून बसलेली मांजर, आणि पाच महिन्यांत तिचं जवळजवळ पावणेदोन किलो वजन गायब. हौसाकाकीनं काट्यावर पाच किलोचं माप ठेवून बघितलं. काटा बरोबर पाच दाखवत होता.

“उपाशी ठेवता काय गो तिला?” एक म्हातारी म्हणाली.

हे ऐकून उल्का खवळली. ती म्हणाली, मी रोज सकाळी तिला पोटभर घालते. मग दुसरी एक बाई हळूच म्हणाली की ती पण दुपारी चार मांदेली टाकते, मांजर बारीक दिसली म्हणून. तिसरी म्हणाली, मी पण. चौथीच्या घरी गारू संध्याकाळी जेवायची. जाळी विणणारा एक म्हातारा होता, तो आपल्या डब्यातलं अर्धं तिला द्यायचा. मोजता मोजता सात घरं निघाली. सातवं घर कुणाचं, तर हौसाकाकीचं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, मुंडकी काय, टाकायचीच असतात.

म्हणजे कोडं आणखी घट्ट झालं. सात घरचं जेवण, वर चोरी. एवढं खाऊन मांजर फुगायला हवी. ही आटत चालली होती. खाल्लेलं जात होतं कुठं?

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन भाटकर आले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याकडे त्या आठवड्यात पाटीचोरीच्या अकरा तक्रारी आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि निकाल दिला. मांजर म्हातारी झाली, तिचं डोकं फिरलं, आता ती फॅक्टरीत नको. चारच्या लाँचमधनं तिला खाडीपलीकडे सोडायची. तिकडं मोठा बाजार आहे, कुठंतरी पोट भरेल.

उल्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, पलीकडच्या बाजारात चाळीस बोके आहेत, चौदा वर्षांची मांजर तिथं एक रात्र टिकेल काय? भाटकर म्हणाले, बाय, मला पण बरं वाटत नाही, पण मी अकरा जणींना काय सांगू? तू मला एक कारण दे, मी ऐकतो.

“चारच्या आत?”

“चारच्या आत.”

घड्याळात सव्वाबारा झाले होते.

फॅक्टरीच्या मागच्या अंगाला मशीनची खोली. तिथं उल्काचे आजोबा, डोर्लेकर मेस्त्री, चाळीस वर्षं बर्फाचं मशीन चालवत होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण मशीनला आणि त्यांना एकमेकांशिवाय करमत नव्हतं. उल्का तिथं गेली, एका डब्याला लाथ मारली आणि सगळं सांगितलं. आजोबांनी लवंडलेला डबा सरळ केला. ते म्हणाले, लाथ मारून झाली असेल तर आता सांग. तुझे डोळे घारीचे आहेत. पाच महिन्यांत तू काय काय बघितलंस? कुणी काय म्हटलं ते नको. तू बघितलंस तेच सांग.

उल्कानं बोटांवर मोजत आठवायला सुरुवात केली. गारू पाणी खूप पिते. अंगावरचे केस खरखरीत झालेत, गाठी बसतात. भल्या पहाटे विनाकारण ओरडते. दिवसभर कपाटावरनं पिंपावर, पिंपावरनं जिन्यावर उड्या मारते, एका जागी ठरत नाही. आणि ऐन पौषातल्या थंडीत बर्फाच्या लादीवर जाऊन बसते. पूर्वी ती मोटारीच्या गरम पत्र्यावर झोपायची. खलाशी हल्ली तिला हिमालयातला साधू म्हणतात.

हे सांगताना तिची जीभ अडखळली. कारण गारूच्या उड्या बघून सगळ्यात जास्त खूश झाली होती ती स्वतः. तिनं त्या उड्यांचा व्हिडिओ काढून सगळ्या बंदराला पाठवला होता. वर लिहिलं होतं, आमची म्हातारी परत तरणी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चौदा वर्षांची मांजर एकाएकी पिल्लासारखी का नाचते, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तिला पण नाही.

“ती खेळत नव्हती,” उल्का हळू आवाजात म्हणाली. “तिला थांबताच येत नव्हतं.”

आजोबांनी मान डोलावली. म्हणाले, चल, आज नऊबा आलाय.

नऊबा म्हणजे तपासणी यंत्र क्रमांक नऊ. महिन्यातनं दोनदा सकाळच्या लाँचनं यायचा आणि बंदरावर काम करणाऱ्या माणसांची तब्येत तपासायचा. कमरेएवढा उंच, चार चाकं, दोन लांब हात, हातांच्या टोकाला मऊ रबराची बोटं. नंबर नऊ म्हणून खलाशांनी त्याला नऊबा केलं होतं. तो लिलावाच्या जुन्या ओट्यापाशी सावलीत बसून एका खलाशाच्या कानात बघत होता.

उल्कानं गारूला त्याच्या पुढ्यात धरलं. नऊबा म्हणाला की त्याला फक्त बंदरातले कर्मचारी तपासायची परवानगी आहे. मांजरांसाठी तालुक्याला वेगळा दवाखाना आहे, लाँचनं दीड तास. उल्का म्हणाली, डबड्या, तुला दिसत नाही काय ती मरायला लागलीय? नऊबानं शांतपणे तीच दोन वाक्यं परत म्हटली. मग उल्का थांबली. तिनं एक दीर्घ श्वास घेतला, पळत जाऊन भिंतीवरचं रजिस्टर आणलं आणि त्याच्या डोळ्यांपुढं उघडलं.

“वाच,” ती म्हणाली. “नाव, गारगोटी. काम, उंदीर. नोकरी चौदा वर्षं. आहे की नाही कर्मचारी?”

नऊबाच्या डोळ्यांतले दिवे दोनदा लुकलुकले. मग तो म्हणाला, “गारगोटीताई, तोंड उघडा.”

पहिल्याच तपासणीत गोंधळ झाला. नऊबानं गारूच्या छातीला बोट लावलं आणि रुग्णवाहिका बोलवू का असं विचारलं, कारण मिनिटाला अडीचशे ठोके पडत होते. त्याच्याकडे हिशोब माणसाचा होता ना. आजोबांनी त्याला आठवण करून दिली तेव्हा त्यानं तालुक्याच्या दवाखान्यातनं मांजराची माहिती मागवून घेतली. मांजराचं काळीज तसंही भरभर चालतं, मिनिटाला दीडशे ते दोनशे ठोके, घाबरलं तर थोडे जास्त. पण अडीचशे मांजराला पण जास्तच.

मग नऊबानं सांगितलं की भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर म्हाताऱ्या मांजरात आधी तिघांवर संशय घ्यायचा. पहिला संशय जंतांवर. ते पोटात बसून आयतं खातात. दुसरा मधुमेहावर. त्यात साखर रक्तात फिरत राहते, पण पेशींना (शरीराच्या अगदी बारीक विटांना) ती आत घेता येत नाही. म्हणजे बाजार भरलेला आणि घरात चूल थंड. तिसरा संशयित गळ्यात असतो.

उल्काला एकदम मजा वाटायला लागली. हा पोलिसी तपासच होता. गारूची शी आणायचं काम तिच्याकडे आलं आणि तिनं नाक दाबून ते केलं. नऊबानं नमुना भिंगाखाली धरला. जंत नव्हते, त्यांची अंडी पण नव्हती. पहिला सुटला. मग त्यानं कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त घेतलं. साखर बरोबर होती. दुसरा सुटला.

“आता गळा,” नऊबा म्हणाला. “माझी बोटं रबराची आहेत. तुमची जास्त हुशार असतील. हनुवटीखालनं हळूच खाली या.”

उल्कानं गारूची हनुवटी वर केली आणि दोन बोटांनी गळा चाचपत खाली आली. श्वासनळीच्या बाजूला काहीतरी टुणकन निसटलं. तिनं परत बोट फिरवलं. मटाराच्या दाण्याएवढं, चामडीखाली सरकणारं. लहानपणापासनं ह्याच गळ्याखाली खाजवलं होतं, पण असा दाणा कधी हाताला लागला नव्हता. 

“तिसरा सापडला,” ती म्हणाली.

नऊबानं रक्ताचा दुसरा थेंब तपासला आणि आकडा सांगितला. गळ्यातल्या थायरॉइडचं (श्वासनळीला चिकटून असलेल्या अवटु ग्रंथीचं) संप्रेरक (रक्तातनं फिरणारा रासायनिक निरोप) असायला हवं त्याच्या चौपट होतं. मग तो म्हणाला की ह्या संप्रेरकामुळे चयापचयाची गती वाढते आणि परिणामी ऊर्जेचा व्यय वाढतो. उल्का म्हणाली, हे मी शाळेत पाठ करून परीक्षेत लिहून विसरलेय पण, आता माणसासारखं सांग. नऊबानं तेच वाक्य परत म्हटलं. त्याच्याकडे ह्याहून सोपं वाक्य नसावं.

आजोबा उठले. म्हणाले, दोघं या माझ्याबरोबर. मांजर पण घ्या.

मशीनच्या खोलीत आल्यावर आजोबांनी उल्काला भिंतीवरचा एक छोटा डबा दाखवला. हा थर्मोस्टॅट (ठरलेली थंडी आली की मशीन बंद करायला सांगणारी कळ). टाकीत मिठाचं पाणी आहे, त्यात बर्फाचे डबे बुडवलेत. पाणी हवं तेवढं गार झालं की हा डबा मशीनला निरोप पाठवतो, बस. पाणी तापलं की परत निरोप, चालू हो. उल्का बघत होती तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि धडधडणारं मशीन आपसूक थांबलं. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

“डोक्यात पण असाच एक डबा असतो,” आजोबा म्हणाले. “काय रे, नाव काय त्याचं?”

नऊबा म्हणाला, पीयूषिका ग्रंथी (मेंदूच्या खालच्या बाजूला लोंबणारी, वाटाण्याहून लहान गाठ). ती रक्तात थायरॉइडचं संप्रेरक किती आहे ते चाखत राहते. कमी पडलं तर गळ्याला निरोप, आणखी बनव. पुरेसं झालं तर निरोप बंद. त्यामुळे शरीराची भट्टी ना विझते ना भडकते.

मग आजोबांनी एक गंमत केली. त्यांनी मशीनचं बटण हातानं चालूवर नेऊन ठेवलं आणि थर्मोस्टॅटची वायर काढली. मशीन परत धडधडायला लागलं. पाणी आधीच गार होतं, बर्फ आधीच झालेला होता, तरी ते चाललं होतं. आजोबा म्हणाले, मीटर बघ. मीटरवरचे आकडे भराभर पळत होते. दहा मिनिटं त्यांनी तिला तिथंच उभं केलं. मशीनचा पत्रा तापला, पट्टा ओरडायला लागला, कोपऱ्यातला पाइप थरथरायला लागला.

उल्का मीटरकडे बघत होती, पाइपाकडे बघत होती, हातातल्या गारूकडे बघत होती. गारूची छाती पाइपासारखीच थरथरत होती.

“हीच आहे ती,” उल्का म्हणाली. तिचा आवाज मशीनच्या वर चढला. “तिच्या गळ्यातलं मशीन चिकटलंय. डोकं बस म्हणतंय, गळा ऐकत नाही. म्हणून ती पळते. म्हणून काळीज धावतं. म्हणून भूक लागते, सात घरं पुरत नाहीत. म्हणून तिला उकडतं, ती बर्फावर बसते.”

आजोबांनी वायर जागेवर लावली, बटण खाली आणलं. टक्. परत शांतता.

नऊबा म्हणाला, आता चयापचय म्हणजे काय ते तुम्हीच सांगितलंत. खाल्लेल्यातलं काही शरीर बांधायला वापरायचं आणि काही जाळून शक्ती मिळवायची, ह्या दोन्ही कामांना मिळून ते नाव आहे. गारूच्या अंगात जाळायचं काम एवढं वाढलंय की बाहेरनं आलेलं जळण पुरत नाही, मग शरीर स्वतःचीच चरबी आणि मांस जाळतं.

पण उल्काचं समाधान झालं नव्हतं. तिचं डोकं काट्यावर अडकलेलं होतं. जाळलं म्हणजे काय? पावणेदोन किलो मांजर गेली कुठं? वजन असं हवेत नाहीसं होतं काय?

“नाहीसं होत नाही,” नऊबा म्हणाला. “पण हवेत मात्र जातं.”

त्यानं बर्फाचा एक गुळगुळीत तुकडा उचलून गारूच्या नाकापुढं धरला. तुकड्यावर धुकं बसलं, गेलं, परत बसलं. मासळीतली चरबी शरीरात प्राणवायूबरोबर जळते, नऊबानं सांगितलं, आणि जळून तिचं दोन गोष्टींत रूपांतर होतं. एक पाणी. दुसरा कार्बन डायऑक्साइड (आपण श्वासातनं सोडतो तो वायू). पाणी लघवीतनं आणि वाफेतनं जातं, वायू नाकातनं. वजन जागा बदलतं, एवढंच. गेल्या पाच महिन्यांत गारू एकेका श्वासानं हवेत गेली. आणि जळताना निघालेली ऊब अंगातनं बाहेर पडली.

उल्का एकदम लादीकडे धावली. गारू रोज बसायची ती लादी. तिनं वरचं गोणपाट ओढून काढलं. खाली बर्फात एक खड्डा पडला होता. बाकी लादी सपाट होती, शेजारच्या लाद्याही सपाट, त्यांच्यावरही तसलंच गोणपाट होतं. फक्त इथं वाटीसारखा गोल, खोल, मांजराच्या मापाचा खड्डा होता आणि त्याच्या तळाशी पाणी साठलं होतं.

तिनं भाटकरांना हाक मारली. हौसाकाकीला हाक मारली. सगळं बंदर आलं असं म्हटलं तरी चालेल. साडेतीन वाजले होते. उल्कानं मधे श्वास न घेता सगळं सांगितलं, गळ्यातल्या दाण्यापासनं मीटरपर्यंत. मग तिनं काकीचा हात धरून त्या खड्ड्यात घातला.

“काकी, हे तुझे बांगडे,” ती म्हणाली. “ऊब होऊन इथं बसलेत.”

नऊबानं मधे तोंड घातलं की सगळे इथं नाहीत, बरेचसे श्वासातनं गेले आणि काही उड्या मारण्यात. उल्कानं त्याच्याकडे बघून डोळे वटारले.

काकीनं हात खड्ड्यातच ठेवला होता. मग तो काढला, पदराला पुसला आणि गारूच्या गळ्याला लावला. दाणा तिच्या बोटांना लागला तेव्हा तिचा चेहरा बदलला. म्हणाली, माझ्या बहिणीला हेच होतं, मुंबईला गोळ्या चालू आहेत. ती पण अशीच घामानं भिजायची, खायची आणि वाळायची. आम्ही म्हणायचो, सासरी जाच असेल.

भाटकरांनी वाकून खड्ड्यात बोट बुडवलं. त्यांना कारण हवं होतं आणि ते त्यांच्यापुढं बर्फात कोरलेलं होतं. त्यांनी रजिस्टर मागवलं आणि गारूच्या नावापुढं लिहिलं, आजारपणाची रजा. परत आल्यावर कामावर हजर.

आता प्रश्न उरला औषधाचा. नऊबानं रस्ते सांगितले. रोज दोन वेळा गोळी देता येते, जन्मभर. त्या गोळीनं संप्रेरक बनायचं कमी होतं. किंवा खाण्यातलं आयोडीन बंद करता येतं, कारण आयोडीन नसेल तर गळ्याला ते संप्रेरक बनवताच येत नाही. पण समुद्राची मासळी म्हणजे आयोडीनच आयोडीन. त्यावर सातही घरांनी एकमेकांकडे बघितलं. अडुळ्यात मांजरीला मासळीशिवाय ठेवणं म्हणजे काय ते प्रत्येकीला माहीत होतं. कुणीतरी चोरून टाकणारच. काकी तर म्हणालीच, मीच टाकीन, मला नका विचारू.

“तिसरा रस्ता?” उल्कानं विचारलं.

तिसरा रस्ता असा, नऊबा म्हणाला. तालुक्याच्या दवाखान्यात एक वेगळं आयोडीन देतात, किरणोत्सारी (आतनं स्वतःहून किरण सोडणारं). एक सुई, बास. हे आयोडीन रक्तातनं फिरत फिरत गळ्यात जाऊन बसतं आणि चिकटलेल्या पेशींना तिथल्या तिथं संपवतं. पेशी मारणारे त्याचे किरण जेमतेम एक-दोन मिलीमीटर चालतात. दुसरे काही किरण अंगाबाहेर येतात, म्हणून ते ओसरेपर्यंत काही दिवस मांजराला एकटं ठेवावं लागतं, मग घरी. आधी तिची किडनी आणि काळीज तपासतील, दोन्ही बरं असलं तरच सुई.

उल्का म्हणाली, पण ते गळ्यातच जातं हे कशावरनं? पायात गेलं तर? नऊबा म्हणाला, तुम्हीच विचार करा, आयोडीन कुणाला लागतं? उल्का म्हणाली, गळ्याला. मग थोडं थांबून म्हणाली, म्हणजे गळा स्वतःहून ओढून घेतो, आपण पत्ता लिहायला नको. बरोबर, नऊबा म्हणाला.

“पण मग गळ्यातल्या चांगल्या पेशी पण मरतील की.”

 आजोबांनी नुसतं मशीनच्या खोलीकडे बोट केलं. तिथं मघाच्या मशीनशेजारी तसंच दुसरं एक मशीन होतं. एक चालायचं तेव्हा टाकी गार असल्यामुळे दुसऱ्याला थर्मोस्टॅट झोपवून ठेवायचा. उल्का त्या झोपलेल्या मशीनकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग ती उडीच मारायची बाकी राहिली.

चिकटलेल्या पेशींनी संप्रेरकाचा पूर आणलाय, ती भराभर बोलायला लागली, म्हणून डोक्यातल्या डब्यानं केव्हाच निरोप बंद केलाय. चांगल्या पेशी निरोप ऐकणाऱ्या आहेत, त्या झोपल्यात. झोपलेल्याला भूक नाही, त्या आयोडीन घेणारच नाहीत जवळजवळ. हावरटपणे घेणार त्या चिकटलेल्या. आणि त्या संपल्या, संप्रेरक उतरलं, की डबा परत निरोप पाठवणार, उठा, आणि चांगल्या पेशी कामाला लागणार.

“ह्याला प्रतिभरण म्हणतात,” नऊबा म्हणाला. “जे झालं त्याचीच खबर परत मागे देऊन पुढचं ठरवायचं. बर्फाचं मशीन, तुमचा घाम, हे सगळं त्याच्यावर चालतं. माणसांच्या थायरॉइडबद्दल मी हे पंधरा बंदरांत सांगितलंय. झोपलेल्या पेशींपर्यंत स्वतःहून आजवर कुणी आलं नव्हतं.”

धक्क्यावर चारच्या लाँचचा भोंगा वाजला. खाडीपलीकडनं ती पुढं तालुक्याला जायची. काकीनं आपली पाटी रिकामी केली, तळाला कोरडं गोणपाट घातलं, दुसरी पाटी वर उपडी घालून दोरीनं बांधली. गारू आतनं शिव्या घालत होती. आजोबा आधीच लाँचमध्ये जाऊन बसले होते, उल्काचा रुमाल आणि पाण्याची बाटली घेऊन. नऊबा फळीवर चाकं चढवत होता, तेव्हा उल्का पाटी पोटाशी धरून त्याच्या मागोमाग आली आणि तिनं शेवटचं विचारलं. पेशी मारण्यापेक्षा ती चिकटलेली कळच सोडवली तर? मांजरीच्या आत जाऊन, आजोबा वायर लावतात तशी?

“तसं अजून कुणालाच येत नाही,” नऊबा म्हणाला. “मुळात ती चिकटते का, हे पण पक्कं माहीत नाही. जगात ही जागा रिकामी आहे. तुमची बोटं हुशार आहेत, डोळे पण. बाकीचं मी सांगितलं असतं, पण ते आधी कुणीतरी शोधायला हवं.”